पाणचक्की, अंधारी आणि आत्याबाईंचे गहू

परदेशवारी करून परतलेल्या आप्ताचे सामान विमानतळावर जकातीचे अधिकारी कसून तपासतात. परंतु त्याच सामानाबरोबर तो जी वर्णने घेऊन येतो त्यांवर कोणत्याही प्रकारची जकात बसत नाही, ही आपल्या राज्यकारभारातील एक गंभीर उणीव आहे असे माझे फार पूर्वीपासूनचे मत होते, आणि आमचे मेहुणे विलायतेहून दिवाळीसाठी छत्रपती संभाजीनगरास आमच्या घरी मुक्कामाला आले तेव्हापासून ते अधिकच दृढ झाले. मेहुणे स्वभावाने सज्जन, खाण्यापिण्याच्या बाबतीत निरुपद्रवी आणि वयाने माझ्याहून लहान, म्हणजे सर्व दृष्टींनी आदर्श. परंतु चकलीचा पहिला तुकडा मोडताच त्यांनी जे चाक फिरवावयास आरंभ केला, ते भाऊबीज आली तरी थांबण्याचे लक्षण दिसेना.

हे चाक म्हणजे आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन नामक बेटावर लॅक्सी या गावी १८५४ साली उभारलेले प्रचंड पाणचाक होय. त्याचा व्यास साडेबहात्तर फूट. त्यास तेथील लेफ्टनंट गव्हर्नरच्या पत्नीच्या नावावरून ‘लेडी इझाबेला’ असे नाव दिलेले. आणि त्याचे कार्य असे, की जवळच्या शिशाच्या व जस्ताच्या खाणीत, सुमारे दीड हजार फूट खोलीवर, जे पाणी साचे ते त्याने मिनिटास अडीचशे गॅलन या प्रमाणात उपसून बाहेर टाकावे. खाण १९२९ साली बंद पडली, तथापि चाक शाबूत आहे, तिकीट काढून लोक ते पाहतात, खाणीच्या तोंडात डोकावतात, आणि दुर्दैवाने त्यांतील काही लोक नंतर भारतात नातेवाइकांकडे येतात. आम्ही रांगोळीविषयी बोलू लागलो की मेहुणे तिच्या वर्तुळावरून चाकावर जात. कुटुंबाने पाण्याची घागर उचलली की ते गॅलनवर जात. शेवटी एके रात्री, पान लावता लावता, त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

“दाजी, तुमच्याकडं असलं काही आहे का हो?”

आता ज्या नगरास बावन्न दरवाज्यांचे नगर म्हणतात, ज्याच्या भोवती वेरूळ, अजिंठा, पैठण आणि देवगिरी अशी जगाने मान लववावी अशी स्थळे पसरलेली आहेत, त्या नगराच्या रहिवाशाने हा प्रश्न निमूटपणे ऐकून घ्यावा, ही गोष्ट शक्य नव्हती. मी त्याच आवेशात जाहीर केले की आमच्याकडे पाणचक्की आहे, तिचे पाणी डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून येते, आणि खाणीचीच हौस असेल तर दौलताबादच्या किल्ल्यात अखंड खडक पोखरून केलेली अंधारी आहे. सबब दोन्ही स्थळे उद्याच दाखविण्यात येतील. हे सांगताना एक गोष्ट मी तपशिलातून वगळली, ती ही, की गावचा माणूस गावचे स्थळ पाहण्यासाठी पाहुण्याची वाट पाहत असतो, आणि पाहुणा न आल्यास जन्मभर पाहत नाही. पाणचक्कीवरून माझे जाणे-येणे रोजचे असले तरी आत शिरण्याचा योग शाळेच्या सहलीनंतर आलेला नव्हता.

महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, हा इतिहासकारांनी त्याच्या लहरीपणाचा पुरावा मानला आहे. मला मात्र आमच्या या सहलीपासून त्या सुलतानाविषयी नितांत आदर वाटू लागला आहे. कारण अख्खी राजधानी शेकडो कोस हलविणारा तो पुरुष, आणि एक कुटुंब घरातून फाटकापर्यंत हलविताना माझी उडालेली त्रेधा, यांची तुलनाच होऊ शकत नाही. सकाळी सातला निघण्याचे फर्मान सुटले होते. सातला कुटुंब पुऱ्या तळीत होते. आठला मेहुण्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा भाचा, झोपेतून उठला. नऊला मेहुण्यांचे चष्म्याचे घर हरवले. आणि साडेनऊला, सर्वजण मोटारीत बसल्यावर, आमच्या आत्याबाई एक जाडजूड पिशवी घेऊन बाहेर आल्या.

“आत्या, यात काय आहे?”

“गहू.”

“गहू कशाला?”

“अरे, चक्कीवर जायचंय ना? मग रिकाम्या हातानं कशाला जायचं? सणाचं दळण राहिलंय. पाण्याच्या चक्कीचं पीठ थंड असतं म्हणतात, पोळ्या मऊ होतात.”

आत्याबाईंशी वाद घालण्याची प्रथा आमच्या घराण्यात नाही. पुऱ्यांची पिशवी आणि गव्हाची पिशवी, दोन्ही एकाच दुकानाच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच वजनाच्या भासाव्यात अशा, मोटारीच्या मागील भागात शेजारी शेजारी विराजमान झाल्या. तात्यांनी (हे माझे चुलते; तहसील कचेरीत हिशेबाच्या दप्तरातून सेवानिवृत्त) खिशातून वही काढून तीत ‘प्रवास खर्च’ असे शीर्षक लिहिले, त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि आमची स्वारी एकदाची मार्गस्थ झाली.

खाम नदीच्या पुलावरून महमूद दरवाजाशी आलो तेव्हा त्या ऐतिहासिक कमानीतून एकाच वेळी जाऊ पाहणाऱ्या सर्व वाहनांनी आपापल्या कर्ण्यांनी तिला मानवंदना चालविलेली होती. शत्रूच्या फौजा रोखण्यास हे दरवाजे कितपत उपयोगी पडले हे मला ठाऊक नसले, तरी त्यांनी आमची मोटार पाऊण तास रोखून धरली. अखेर आम्ही पाणचक्कीच्या आवारात शिरलो, आणि तेथील हौदाचे थंड पाणी, त्यात वरून कोसळणारी धार, आणि पलीकडे पसरलेला जुना वड पाहून माझ्यातील व्याख्याता जागा झाला.

मी सांगू लागलो, की हे स्थान म्हणजे बाबा शाह मुसाफिर या मध्य आशियातून आलेल्या सूफी साधूचा दर्गा. त्यांच्या खानकाहात फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांची सदैव वर्दळ असे. इतक्या तोंडांस पुरेल इतके पीठ हाताने दळणे दुर्घट म्हणून निजाम-उल-मुल्काच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान नावाच्या सरदाराने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ही चक्की बांधविली. पुढे जमील बेग खानाने समोरचा लांबोडा हौद व कारंजी केली. पाणी काही मैल दूर, हर्सूलच्या बाजूच्या झऱ्याच्या विहिरीतून मातीच्या नळांनी जमिनीखालून येते, येथील भिंतीत उंच चढते, आणि मग—

“दाजी, चाक कुठं आहे?”

“खाली आहे.”

“खाली म्हणजे?”

“जात्याच्या खाली. आडवं फिरतं.”

“म्हणजे दिसत नाही?”

“ते दिसण्यासाठी बांधलंच नव्हतं, दळण्यासाठी बांधलं होतं.”

“मग आता दळतं का?”

“नाही. आता दिसण्यासाठी ठेवलंय.”

मेहुण्यांनी यावर काही भाष्य केले नाही. केवळ दोन्ही हात आकाशात शक्य तितके पसरून साडेबहात्तर फूट म्हणजे किती हे आपल्या चिरंजीवांस दाखविले. मी मुद्दाम त्यांस चक्कीच्या खोलीत नेले, वरचे दगडी जाते फिरताना दाखविले, खाली वाकावयास लावून लोखंडी पात्यांवर आदळणारी पाण्याची धार दाखविली, आणि उभे चाक कौतुकास योग्य असले तरी आडवे चाक अधिक विचारी असते, कारण त्यास मध्ये दातेरी चक्रांची मध्यस्थी लागत नाही, एकच उभा आस खालच्या पात्यांचे फिरणे थेट वरच्या दगडास पोहोचवितो, असा सिद्धान्त मांडला. त्याशिवाय एक नैतिक भेदही मी निदर्शनास आणला: तुमचे चाक जमिनीतले पाणी नकोसे झाले म्हणून बाहेर हाकलीत होते, आमच्याकडे जमिनीतले पाणी हवेसे झाले म्हणून मैलोगणती सन्मानाने आणले गेले. हा मुद्दा मला स्वतःला फार आवडला. वळून पाहतो तो मेहुणे हौदातील माशांचे चित्रण करीत होते.

इकडे आत्याबाई गव्हाची पिशवी घेऊन जात्याच्या कठड्याशी उभ्या होत्या आणि तेथल्या रखवालदाराशी त्यांची वाटाघाट निकरास पोहोचली होती.

“अम्मा, ये चक्की देखने की है, पीसने की नई.”

“अहो, पण फिरतेय ना?”

“फिरती है.”

“मग नुसतीच फिरतेय कशाला? एवढं पाणी घालवायचं आणि मूठभर पीठ नाही? आमच्या सासऱ्यांनी असं रिकामं जातं फिरताना पाहिलं असतं तर फिरवणाराला घराबाहेर काढलं असतं.”

रखवालदार हताश होऊन माझ्याकडे पाहू लागला, आणि मी इतिहासात विशेष रस असल्याप्रमाणे छताकडे पाहू लागलो. वास्तविक आत्याबाईंच्या त्या उद्गारात स्मारक या संस्थेवरील जितकी मार्मिक टीका होती तितकी मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही. पण ती ऐकण्यास तेथे कोणी पुरातत्त्वज्ञ हजर नव्हता, आणि जे हजर होते ते रांगेत मागे उभे राहून ‘ताई, जरा सरका, फोटो काढायचाय’ असे म्हणत होते.

तात्यांची तऱ्हा निराळीच. प्रत्येक वास्तूपाशी त्यांस एकच जिज्ञासा: “याला त्या काळी खर्च किती आला असेल?” हौदाचा तळ हाच खालच्या मोठ्या दालनाचे छप्पर आहे, आणि उन्हाळ्यात वाटसरूंनी त्या दालनात गारव्याला बसावे अशी योजना होती, हे ऐकून मेहुण्यांसारख्या अभियंत्यानेही क्षणभर भुवया उंचावल्या, तात्या मात्र म्हणाले, “म्हणजे हौदाला तळ आणि दालनाला छप्पर, दोन कामं, एकच बिल. ठेकेदार नक्की दोनदा पैसे घेऊन गेला असणार.” आमच्या कुटुंबाने त्या दालनाची फरशी पाहून, ‘आपल्या न्हाणीघरात अशी घातली असती तर’ असा दूरगामी विचार सुरू केला, आणि भाच्याने, अंतर्ज्ञानाने असावे, हौदात ज्या ठिकाणी हात घालू नये अशी पाटी होती, नेमका तेथेच हात घातला.

मग वडाच्या सावलीत सर्वांस बसवून मी मलिक अंबराचा विषय काढला. पाणचक्की पाहून नहर न सांगणे म्हणजे पाहुण्यास केवळ ताट दाखवून अन्न न वाढण्यासारखे आहे. इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला हा हबशी, अखेर निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी या खेड्यास राजधानीचे रूप दिले. आणि राजधानीस पाणी हवे म्हणून डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून बोगदे खणून, जागोजाग हवेसाठी व सफाईसाठी उभी विवरे ठेवून, कोणत्याही चाकाशिवाय, केवळ उताराच्या बळावर ते पाणी गावात आणले. हीच ती नहर-ए-अंबरी. त्याचा मुलगा फत्तेखान याने गावाचे नाव फतेहनगर ठेवले, औरंगजेबाने औरंगाबाद केले, आता ते छत्रपती संभाजीनगर झाले. पाणी मात्र प्रत्येक नावाच्या वेळी उताराकडेच वाहत राहिले.

“मलिकंबरी धारा याचाच ना?” तात्यांनी प्रथमच वहीतून डोके वर काढले. “जमिनीची पाहणी करून प्रतवारीनं सारा ठरवणारा? मोठा माणूस! आमच्या कचेरीत असता तर एका वर्षात बदली झाली असती.”

तात्यांकडून कोणाही पुरुषास मिळालेली ही सर्वोच्च पदवी होती. त्या उत्साहात मी जहांगीर बादशहाची गोष्टही सांगितली. मलिक अंबराने मोगलांस गनिमी काव्याने इतके सतावले, की बादशहाने आपल्या दरबारी चितारी अबुल हसन याजकडून एक चित्र काढवून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभे राहून भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहेत. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीही आले नाही. मलिक अंबर १६२६ साली, वार्धक्याने, स्वतःच्या मस्तकासह निवर्तला आणि खुलताबादेस चिरविश्रांती घेता झाला. तथापि चित्र उत्कृष्ट वठले. न केलेल्या पराक्रमाचे छायाचित्र काढून घेण्याची परंपरा कॅमेऱ्याहून किती प्राचीन आहे हे मी समजावून सांगत असता, मेहुणे वडाच्या एका पारंबीस धरून, आपण ती चढत आहो असा आविर्भाव करून उभे होते, आणि भाचा त्यांचे छायाचित्र काढीत होता.

दौलताबादेस पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळांच्या टोपल्यांची दुतर्फा रांग होती. आमच्या कुटुंबाने भावाची घासाघीस अशा चिकाटीने केली, की तिच्यासारखी एखादी व्यक्ती रामदेवरायाच्या दरबारी असती तर १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीस इतकी खंडणी खात्रीने मिळाली नसती. ‘फळे येताना घेऊ, आता ओझे नको’ असा ठराव होऊन, वर जाऊन खावयाची पुऱ्यांची पिशवी तेवढी मी खांद्यावर घेतली. या वाक्याकडे वाचकांनी लक्ष असू द्यावे.

मेहुण्यांनी खाली उभे राहून डोंगराकडे पाहिले. यादवांचा हा देवगिरी म्हणजे नुसता डोंगर नव्हे. त्याच्या खालच्या अंगाचा खडक सभोवार छिन्नीने तासून उभ्या भिंतीसारखा गुळगुळीत केलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि वर जाण्यास मुळात खडकाच्या पोटातून एकच वाट.

“ही तर खाणच आहे की,” मेहुणे प्रथमच हळू आवाजात म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी लगेच अतिशयोक्तीस प्रवृत्त झालो. “अहो, तुमच्याकडे खाणीतून धातू काढतात आणि भोक शिल्लक ठेवतात. आमच्याकडे दगड काढून टाकतात आणि जे शिल्लक राहतं त्याला किल्ला म्हणतात. पलीकडं वेरूळला तर त्याच रीतीनं अख्खं कैलास लेणं शिल्लक ठेवलंय.”

चाँद मिनाराखाली आम्ही दम घेतला, म्हणजे मी घेतला. इतरांस त्याची गरज भासली नव्हती. गोवळकोंडा १६८७ साली पडल्यावर औरंगजेबाने तेथील सुलतान अबुल हसन तानाशाह यास ज्या चिनी महालात कैदेत ठेवले तो पाहून आत्याबाई म्हणाल्या, “जागा हवेशीर आहे,” आणि मेंढा तोफेपाशी पोहोचल्यावर मेहुण्यांनी तिच्यावर हात ठेवून, डोळे किलकिले करून, शत्रूवर नेम धरल्याचे छायाचित्र काढून घेतले. जहांगीर बादशहाचा आत्मा संतुष्ट झाला असेल.

याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्यापाशी शिष्य म्हणून राहिले, ही गोष्ट आत्याबाईंस ठाऊक होती. किंबहुना त्या याच गोष्टीसाठी आल्या होत्या. हिशेबात एका पैची चूक राहिली म्हणून एकनाथ रात्रभर जागले, चूक सापडताच टाळी वाजवून आनंदले, आणि तेव्हा स्वामी म्हणाले की एका पैच्या चुकीने इतका आनंद, मग संसाराची चूक सापडल्यास किती होईल, ही परंपरागत कथा त्यांनी खंदकाच्या पुलावर उभे राहून गहिवरल्या कंठाने सांगितली. आम्ही सर्व स्तब्ध होऊन ऐकत होतो. इतक्यात तात्यांनी खाडकन टाळी वाजविली.

“सापडली!”

“काय सापडलं, तात्या?”

“चहावाल्यानं वीस रुपये जास्त लावले. सहा चहा सांगितले होते, सात धरलेत!”

तात्यांस तेव्हाच परत जाऊन वीस रुपये वसूल करावयाचे होते. संसाराच्या चुकीकडे त्यांचे लक्ष वळविण्याचा आत्याबाईंनी प्रयत्न केला, परंतु ती बाब त्यांच्या वहीत कोणत्याच शीर्षाखाली येत नव्हती.

मग अंधारी आली. खडकाच्या पोटात वळणे घेत, पायऱ्या चढत जाणारा हा बोगदा शत्रूस गोंधळविण्यासाठी खोदलेला असून, त्यात मध्येच उजेडाचा झरोका दिसतो तो वाटेचा नसून खंदकात कोसळण्याचा आहे, आणि शेवटी वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून धूर आत सोडण्याची सोय आहे, असे आमचा वाटाड्या पलित्याच्या उजेडात सांगू लागला.

“साब, यहाँ दुश्मन को रस्ता नहीं दिखता था.”

“आम्हालाही दिसत नाही,” मी नम्रपणे म्हणालो.

वर वटवाघळांची वस्ती होती, आणि त्यांच्या शतकानुशतकांच्या वास्तव्याचा जो सुगंध तेथे साठलेला होता तो शत्रूस परतवून लावण्यास धुराहून अधिक समर्थ होता. कुटुंबाने पदर नाकाला लावला. अशा समयी कोणाही सुज्ञाने गप्प राहावे. पण विद्वत्ता हा रोग अंधारातही बळावतो, आणि चौदाव्या शतकात येथे येऊन गेलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने या किल्ल्याच्या कोठड्यांतील उंदीर मांजरांहून मोठे असल्याचे व मांजरेच त्यांस भिऊन पळत असल्याचे नमूद केले आहे, हे मी सांगून बसलो. परिणाम तत्काळ झाला. आत्याबाईंनी माझा दंड धरला, भाच्याने आत्याबाईंचा पदर धरला, मेहुण्यांनी भाच्याची कॉलर धरली, आणि त्याच क्षणी समोरून एका शाळेची सहल खाली उतरत आली.

अरुंद काळोखात दोन फौजा समोरासमोर ठाकल्या. कोणी मागे हटेना, कारण कोणास मागे काय आहे ते दिसेना. सहलीच्या गुरुजींस, सर्व मुले शाबूत आहेत की नाहीत याची काळजी पडून, त्यांनी तेथेच हजेरी घेण्यास प्रारंभ केला. काळोखात ‘हजर’, ‘हजर’ असे आवाज उमटू लागले, आणि एका नावावर कोणीच उत्तर देईना तेव्हा माझ्या पाठीमागून, सरकारी नोकरीत मुरलेला, भारदस्त आवाज आला: “हजर!”

ते तात्या होते. नाव कोणाचेही असो, पुकारा झाला की हजेरी लावायची, ही त्यांच्या खात्यातील सवय सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती. गुरुजींचा हिशेब जुळेना. एका विद्यार्थ्याचा आवाज एकाएकी फुटला कसा याचा त्यांनी बराच तपास केला.

शहाजहानाच्या काळात १६३६ साली बांधलेल्या बारादरीत आम्ही पोहोचलो तेव्हा मी अक्षरशः रांगत होतो. वर वारा सुंदर होता, खाली साऱ्या मुलुखाचा नकाशा उलगडलेला होता, आणि प्रत्येकाच्या मनात पुऱ्यांखेरीज दुसरा विचार नव्हता. सतरंजी अंथरली गेली. पिशवी मध्यभागी ठेवून मी ती उघडली.

आत गहू होते.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मी, परिस्थितीस ऐतिहासिक उंची देण्याच्या हेतूने, सांगितले की याच किल्ल्यावर रामदेवरायाच्या माणसांनी वेढ्याच्या भीतीने घाईघाईत धान्याची म्हणून पोती भरून घेतली आणि उघडून पाहतात तो मीठ निघाले, असे सांगतात. त्यापेक्षा आपली स्थिती पुष्कळ बरी, आपल्याकडे निदान धान्य आहे.

“कच्चं,” कुटुंब म्हणाले.

“दळलं असतं तर त्या मेल्यानं,” आत्याबाई म्हणाल्या, “आत्ता निदान पीठ तरी असतं.” बारादरीत पीठ घेऊन आम्ही काय केले असते हे विचारण्याचे धैर्य कोणास झाले नाही. मेहुण्यांनी मूठभर गहू तोंडात टाकून चघळून पाहिले आणि आइल ऑफ मॅनवर चाकाशेजारी कसे उत्तम उपाहारगृह आहे ते सांगितले.

उतरताना अंधारी पुन्हा आली, गव्हाची पिशवी पुन्हा माझ्याच खांद्यावर होती, आणि एका वटवाघळाने तिच्या दिशेने केलेल्या झेपेचा वृत्तान्त आत्याबाईंनी पुढील तासभर निरनिराळ्या आवृत्तींत प्रसिद्ध केला. मोटारीतल्या पुऱ्या उन्हाने पुन्हा तळल्यासारख्या कडक झाल्या होत्या. सीताफळे उतरत्या भावाने मिळण्याऐवजी चढत्या भावाने मिळाली. चहावाला घरी गेला होता, आणि वीस रुपये ‘येणे बाकी’ या सदरात कायमचे जाऊन बसले.

रात्री शेजारी विचारावयास आले, काय काय पाहिले? तात्या म्हणाले, चहा महाग आहे. कुटुंब म्हणाले, दालनाची फरशी पाहण्यासारखी आहे. भाचा म्हणाला, मासे. मेहुण्यांनी मोबाइलवर छायाचित्रे दाखविली, ज्यांत ते क्रमाने वड चढत होते, तोफ डागीत होते आणि किल्ला जिंकीत होते. ती त्याच रात्री विलायतेस रवाना झाली, आणि तेथून ‘तुमच्याकडचं चाक केवढं आहे?’ असा प्रश्न आला असता त्यांनी, दाजींच्या घराण्याची अब्रू राखण्यासाठी म्हणा किंवा जहांगिरी परंपरेस अनुसरून म्हणा, ‘इतकं मोठं, की फोटोत मावत नाही’ असे उत्तर धाडले. मी प्रथमच त्यांस कडकडून आलिंगन दिले.

आत्याबाई मात्र अजून गव्हाच्याच चिंतेत होत्या. कोपऱ्यावरच्या विजेच्या चक्कीवर ते टाकून येतो म्हणून मी पिशवी उचलली, तेव्हा त्यांनी मला उंबऱ्यातच अडविले.

“तसेच? वाघळांच्या बोगद्यातून दोनदा गेलेले गहू तसेच दळायचे? सात पाण्यांनी धुवायला हवेत आधी.”

सात पाणी! ज्या नगरात चारशे वर्षांपूर्वी एका वजिराने डोंगराखालून पाणी आणले त्याच नगरात आमच्या आळीच्या नळास पाणी रोज येत नाही, पाळीने येते. आणि ती पाळी नुकतीच होऊन गेली होती. त्यामुळे गहू पुन्हा पिशवीत गेले, पिशवी फडताळात गेली, आणि पाणी आल्याखेरीज दळण होणे नाही, हा तुर्कताज खानाच्या चक्कीचा मूळ सिद्धान्त आमच्या घरात आजतागायत अमलात आहे.